माणसांचा कागद

मुलांना चित्र शिकवताना पहिल्या दिवशी मी घर काढायला सांगत नाही, दार काढायला सांगतो. दार साधारण सात फुटांचं असतं. त्याच्या शेजारी माणूस उभा केला तर त्याचं डोकं कुठवर येईल, हे ज्याला सांगता आलं त्याला निम्मी चित्रकला आली. दर शनिवारी सकाळी लेकीच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून मी हे सांगतो. मुलं उठून खरोखरच दाराशी उभी राहतात, एकमेकांच्या डोक्यावर पट्टी धरतात, भांडतात, आणि शिकतात.

मी स्वतः हा नियम चाळीस वर्षं पाळला नाही, हे मात्र मुलांना कधी सांगितलेलं नाही.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. साहेब नकाशा ठरवायचे. त्यावरून इमारत उभी राहिल्यावर बाहेरून आणि आतून कशी दिसेल, ते मी शाईनं काढायचो. गिऱ्हाइकाला नकाशा कळत नाही, चित्र कळतं. होकार यायचा तो चित्राला. ऑफिसात सगळे मला मास्तर म्हणायचे, कारण नवा येणारा प्रत्येक जण आधी माझ्या टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढायला शिकायचा. त्यातला शेवटचा म्हणजे धाकटा. आता त्याच्या डोक्यावर केस नाही आणि ऑफिस त्याच्या मालकीचं आहे, तरी आम्ही जुनी माणसं त्याला धाकटाच म्हणतो.

त्या मंगळवारी संध्याकाळी लेक शाळेतून आली ती कागदाची गुंडाळी घेऊन. ती शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिच्या शाळेत एकेका वर्गात छत्तीस मुलं, आणि दोन वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतात. शाळेच्या समितीचे अध्यक्ष नवी इमारत बांधून देणार होते, काम धाकट्याकडे होतं, आणि खोल्या मुलांना पुरेशा आहेत असं लिहून शुक्रवारी लेकीनं सही करायची होती. तिनं गुंडाळी टेबलावर उलगडली, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि माझ्याकडे बघून हसली. बाबा, मला सांगितलंही नाहीत, म्हणाली.

नव्या वर्गखोलीचं चित्र होतं ते. आतून दिसणारं, शाईचं. डावीकडून येणारा तिरपा उजेड माझा. खिडकीची अर्धी काच कोरी सोडायची सवय माझी. बाहेरचं झाडही माझंच. मुळं काढायचा कंटाळा म्हणून मी त्याचा बुंधा नेहमी भिंतीआड घालवतो, तसाच इथे घालवलेला.

चित्र मी काढलेलं नव्हतं. क्षणभर वाटलं, काढलं असेल आणि विसरलो असेन. त्र्याहत्तराव्या वर्षी तेवढी मुभा असते. मग भिंग घेऊन रेघा बघितल्या. पेन उचलून पुन्हा टेकवलं की रेघेवर बारीक ठिपका येतो, तो कितीही मुरलेल्या हाताला चुकत नाही. या चित्रात एकही ठिपका नव्हता. हे कुणा हाताचं काम नव्हतं, कॉम्प्युटरचं होतं. तसं मी लेकीला सांगितलं. तरी, माझा हात इतका ओळखू येतो याचं मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

कुणी का काढलं असेना, सुंदर आहे, असं म्हणून ती कपडे बदलायला गेली. छत्तीसच्या छत्तीस मुलं बसून वर बाईंना फिरायला जागा उरते, हे तिनं जाता जाता दोनदा सांगितलं.

मी सवयीनं पट्टी लावली. दार सत्तर मिलिमीटर. दारात उभ्या असलेल्या बाई बेचाळीस. दार सात फुटांचं धरलं तर बाई जेमतेम सव्वाचार फुटांच्या भरत होत्या. मुलं त्याच मानानं लहान, आणि बाकही.

ही लबाडी मी ओळखली, कारण ती माझीच होती.

मी पंचविशीत असताना एका उपाहारगृहाचं चित्र गिऱ्हाइकाला पसंत पडेना. दालन अरुंद दिसतं, म्हणाला. दालन अरुंदच होतं. साहेब म्हणाले, मास्तर, काहीतरी करा. भिंती हलवता येत नव्हत्या, म्हणून मी माणसं हलवली. सगळी माणसं, खुर्च्या, टेबलं खरवडून काढली आणि पाचाला चार या मापानं पुन्हा काढली. अरुंद दालनाचा महाल झाला. गिऱ्हाइकानं उभ्या उभ्या होकार दिला. नकाशावरचे आकडे खरे होते, भिंतीही खऱ्या होत्या. खोटी होती ती फक्त माणसं, आणि माणसं कोण मोजतो?

पुढे मी ट्रेसिंग पेपरवर अशी माणसं काढूनच ठेवली. छत्रीवाली बाई, पेपर वाचणारे गृहस्थ, धावणारं पोर, मान वळवून बोलणारं जोडपं. नवं चित्र करताना हा कागद खाली सरकवायचा आणि हवं ते माणूस हव्या त्या जागी गिरवायचं. ऑफिसात त्याला माणसांचा कागद म्हणायचे. निवृत्त होताना मी तो धाकट्याला दिला. त्याचे डोळे भरून आले होते.

बुधवारी मी गुंडाळी काखेत मारून त्याच्याकडे गेलो. जिथे माझा बोर्ड होता तिथे आता कॉफीचं मशीन आहे. धाकटा मला बघून उठला, स्वतःची खुर्ची दिली, आणि मी काही बोलायच्या आत त्यानंच अभिमानानं दाखवायला सुरुवात केली. कपाटातली माझी सगळी जुनी चित्रं, सहाशेच्या वर, त्यानं कॉम्प्युटरला दिली होती. आता खोलीचं माप सांगायचं, माणसं किती ते सांगायचं, दोन मिनिटांत मास्तरांच्या हातचं चित्र तयार. गिऱ्हाइकांना पडद्यावरच्या गुळगुळीत चित्रांचा कंटाळा आलाय, त्यांना हाताची ऊब हवीय, असं म्हणाला. मग त्यानं मला माझ्या खोलीचं माप विचारलं. दहा बाय दहा, मी म्हणालो. पडद्यावर खोली उमटली. कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता, आणि खोली एवढी की त्याला दारापर्यंत जायला बस धरावी लागली असती.

मी म्हणालो, अरे, माणसं लहान आहेत.

धाकट्यानं पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “आम्ही त्याला हे शिकवलं नाही, मास्तर. त्यानं आपणहून उचललं. तुमच्या सहाशे चित्रांत त्याला पूर्ण उंचीचा एकही माणूस सापडला नाही.”

एवढं बोलून त्यानं मला पाणी दिलं. माणसं मोठी करणं दोन मिनिटांचं काम आहे, पण मग खोलीत छत्तीस मुलं बसत नाहीत, चोवीसच बसतात, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे त्यानं ते करून पाहिलं होतं. जागेची हद्द ठरलेली, खोली वाढवता येत नाही. अध्यक्षांनी हे चित्र छापून सगळीकडे वाटलंय. शिवाय नकाशावर अठरा बाय सोळा असं स्वच्छ लिहिलेलं आहे, त्यात लपवलेलं काही नाही. हे शेवटचं वाक्य मी त्याला दिलेलं होतं, शब्दाला शब्द. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी. जाताना त्यानं माझा कोपर धरून मला लिफ्टपर्यंत सोडलं. तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी लेक वह्या तपासत होती. खोलीत चोवीसच मुलं मावतील, हे मी सांगितलं तेव्हा ती कॉम्प्युटरवर चिडली, धाकट्यावर चिडली, यंत्राला काय कळतं असं म्हणाली. तिथेच थांबता आलं असतं. राग योग्य जागी पोचला नव्हता, पण माझ्यापासून दूर होता. मग तिनं विचारलं की तुमच्या हे इतक्या पटकन लक्षात कसं आलं. तेव्हा मी तिला उपाहारगृहाचं सांगितलं, आणि माणसांच्या कागदाचं.

ती लाल पेनाचं टोपण काढत-घालत ऐकत होती. मग थांबली.

“आणि वसतिगृह?” ती म्हणाली.

ती अठराव्या वर्षी शिकायला ज्या वसतिगृहात राहिली, त्याचं चित्र माझं होतं. प्रवेशदारात लावलेलं असायचं. दोन पलंग, दोन टेबलं, मधून आरामात चालत जाणारी मुलगी. ते दाखवूनच मी तिला तिथे पाठवलं होतं.

तेही तसंच, मी म्हणालो.

“मैत्रीण उभी राहून तयार होईपर्यंत मी पलंगावर पाय वर घेऊन बसायचे. रोज. तीन वर्षं. मला वाटायचं, मीच जाड आहे, बाबा. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, सामान कमी कर.”

म्हणालो होतो. ती पुन्हा वह्यांकडे वळली. मी बराच वेळ तिथे बसून होतो, पण तिनं वर बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी, समिती यायच्या आधी, मी मैदानावर चुन्याची फक्की टाकून अठरा बाय सोळाची खोली आखली. लेकीनंच सांगितलं होतं. कागदावर वाद घालू नका, समोर मांडा, एवढंच म्हणाली. टेपचं दुसरं टोक धरायला भिंगरी होती. ती माझी शनिवारची विद्यार्थिनी, एका जागी बसत नाही म्हणून हे नाव. मुलांनी वर्गातले बाक उचलून आणले. दोघांचा एक बाक, तीन ओळी, एकामागे एक सहा रांगा. मुलांना मजा वाटली. नसलेल्या दारातूनच आत जायचं असा त्यांनी आपसात नियम केला, आणि एक जण भिंतीवरून आला म्हणून त्याला परत पाठवला.

चार रांगा नीट बसल्या. पाचवी लागली तेव्हा फळ्यासमोर उभं राहायला जेमतेम तीन फूट उरले. सहावी लागली तेव्हा पहिला बाक फळ्याच्या रेघेला टेकला. लेक शिकवायच्या जागी जाऊन उभी राहिली, ती फक्कीच्या बाहेर होती. म्हणजे भिंतीपलीकडे.

अध्यक्ष दोन सभासदांना घेऊन आले, मागून धाकटा. अध्यक्षांनी बाक बघितले, हातातलं चित्र बघितलं, पुन्हा बाक बघितले. ते गोंधळले होते, आणि तो गोंधळ खरा होता. चित्र तर तुमच्याच हातचं दिसतंय, मास्तर, म्हणाले. मी म्हणालो, चित्र माझं नाही, त्यातलं खोटं माझं आहे. त्यांना ते कळलं नाही. कॉम्प्युटरनं धंदा घेतला म्हणून म्हातारा दुखावलाय, असं वाटलं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग धाकटा बोलला, स्वतःच्या बुटांकडे बघत. “मोकळ्या मैदानात आखलेली खोली नेहमी लहानच दिसते. भिंती उठल्या की मोठी वाटते.”

हेही माझंच वाक्य. साइटवर गिऱ्हाईक बिचकलं की मी ते टाकायचो. आणि त्यातली गोम अशी की ते खरं आहे. आभाळाखाली कुठलीही खोली डबीएवढी दिसते. म्हणून तर ते कधीही वापरता येतं.

लेक शांतपणे म्हणाली की खोली लहान दिसत असेल, पण बाक दिसण्याचे नाहीत, लाकडाचे आहेत. मग एक सभासद हसत म्हणाले, मग बाकच लहान करू. सगळे हसले. हसता हसता अध्यक्षांनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं मनात गुणाकार केला. मी त्याच्या ओठांची हालचाल ओळखली. म्हणाला, पाचाला चार या मापानं केले तर बसतात.

लेकीनं विरोध केला. भिंत दोन फूट पुढे घ्या म्हणाली, तर पुढे रस्ता. एक खोली वाढवा म्हणाली, तर जागा नाही. यंदा झालं नाही तर पुढचं मी सांगू शकत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. धमकी नव्हती ती. त्यांना इमारत बांधून द्यायला आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. मुलंच तर आहेत, घेतील सांभाळून, असंही म्हणाले. लेकीनं मागे वळून पत्र्याच्या शेडकडे बघितलं. मग एका बाकावर कागद ठेवून सही केली. माझ्याकडे बघितलं नाही.

बाकाचं चित्र कॉम्प्युटरनं लगेच काढून दिलं, पण सुताराला चित्र नको होतं, मापं हवी होती. सहीनंतर घरात पहिल्यांदा ती माझ्याशी आपणहून बोलली ती याचसाठी. “बाबा, निदान बाक तरी नीट काढून द्या. मुलांना त्यातल्या त्यात बरं होईल.”

मी माळ्यावरून बोर्ड काढला. चार दिवस लावले. साडेतीन फुटांच्या बाकाचे दोन फूट दहा इंच केले. बैठकीची रुंदी कमी केली, उंची मात्र तशीच ठेवली, कारण पाय काही पाचाला चार होत नाहीत. गुडघ्याला लागू नयेत म्हणून सगळे कोपरे गोल केले, दप्तरासाठी खाली फळी दिली. आयुष्यात इतकं काटेकोर चित्र मी काढलेलं नाही. त्यात एकही माणूस नव्हता.

इमारत वर्षभरात उभी राहिली. बाहेरून छान आहे. प्रवेशदारात ते चित्र मोठ्या चौकटीत लावलंय आणि खाली ‘मास्तरांच्या शैलीत’ अशी पाटी आहे. लोक थांबून बघतात, मला भेटले की कौतुक करतात. सुरुवातीला मी खुलासा करायचो. आता करत नाही.

माझा शनिवारचा वर्ग आता आत भरतो. छत्तीस मुलं आणि बहात्तर कोपर. डावखुरी तीन आहेत, त्यांना मी बाकाच्या डाव्या टोकाला बसवतो, नाहीतर शेजारच्याची रेघ हलते. भिंतीकडचं कुणी उठलं की बाजूच्याला उठावं लागतं. मुलांची तक्रार नसते. त्यांना वाटतं शाळा म्हणजे अशीच असते.

परवाच्या शनिवारी मी त्यांना आपला वर्ग काढायला सांगितला. भिंगरीनं शिकवल्याप्रमाणे आधी दार काढलं. मग दारात उभी राहून स्वतःचं डोकं कुठे येतं त्याची खूण केली, आणि त्या मापानं एकेक मुलगा बसवत गेली. गुडघे समोरच्या बाकाला टेकले होते. कोपरांवर कोपर होते. शेवटची रांग कागदात मावली नाही, तेव्हा तिनं नुसती डोकी काढली. सबंध वर्षात माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं इतकं खरं चित्र काढलं नव्हतं.

अध्यक्ष त्या दिवशी पाहुण्यांना शाळा दाखवत होते. सोबत लेक होती. आत यायला जागा नव्हती, म्हणून ते दारातूनच वाकून बघत होते. भिंगरी पहिल्या बाकावर होती, तिचं चित्र त्यांनी हातात घेतलं.

“छान काढलंय. माणसं तेवढी मोठी झालीत,” ते म्हणाले. “लहान काढायला शिकवा हिला, मास्तर. तुमच्यासारखी.”

पाहुणे हसले आणि पुढे गेले. लेक दारातच थांबली.

भिंगरीनं चित्राकडे बघितलं, मग दाराकडे. पट्टी लावून पुन्हा मोजलं. आजोबा, बरोबर आहे ना, असं तिनं विचारलं. मी बरोबर आहे म्हणालो. मग ते तसं का म्हणाले, असं तिनं विचारलं. या प्रश्नाला मी चाळीस वर्षं वेगवेगळी उत्तरं दिली आहेत आणि सगळी पाठ आहेत. खोडू नकोस, एवढंच मी म्हणालो.

तेवढ्यात तिच्या शेजारची मुलगी पाणी पिऊन परत आली. तिला आत सरकायचं होतं. भिंगरीनं चित्र छातीशी धरलं, मागे रेलली आणि वाट मोकळी करायला दोन्ही पाय बाकावर घेतले, कुणी सांगायच्या आत, सवयीनं.

माझी लेक ते बघत होती. शेजारची बसली, भिंगरीनं पाय खाली सोडले. मी दाराकडे बघितलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं.